परवान्याची वही

निघायच्या आदल्या रात्री
अण्णा सतरंजीवर काडतुसं उभी करत,
पितळी बुड खाली, लाल कागदी अंग वर,
आणि एकेक अंगठ्याने चाचपत.
ओल धरून फुगलेलं काडतूस नळीत शिरत नाही,
शिरलं तर निघत नाही,
आणि नेमकं तेव्हाच डुक्कर वळतं.
लष्करात, जनकगंजातल्या आमच्या माडीवर
मी ते डुक्कर कितीदा वळताना पाहिलं आहे.

चार नंबरची चार, एलजी दोन.
सहा.
कधी सात नाही.
'सहात होत नाही ते साठात होत नाही,' असं म्हणून
ते पट्ट्याची उरलेली घरं रिकामीच बांधत.

त्या वर्षी पुण्याहून रघुवीरमामा आले होते,
नवी बंदूक, नवे बूट, पंचवीस काडतुसं.
'भावजी, सहा? लग्नातसुद्धा याहून जास्त उडवतात.'
अण्णा म्हणाले, 'लग्नात नेम धरत नाहीत.'

आई आतून विचारत होती, पोळ्या किती करू.
काडतुसांच्या हिशेबाने मसाला वाटायचं
तिने केव्हाच सोडलं होतं.
वीस केल्या. लिंबाचं लोणचं, बरणीसकट.

घाटीगावच्या पुढे, सांकेच्या उतारावर
जीपसमोर एक माणूस येऊन उभा राहिला.
मग बाभळींमागून आणखी पाच.
कुणी ओरडलं नाही. लाखनसिंगाने इंजिन बंद केलं.
म्होरक्याने एवढंच विचारलं,
'कित्ते हैं?'

मामांचे पंचवीस त्याने मोजलेही नाहीत, गमछ्यात ओतले.
अण्णांचे सहा मात्र तळहातावर घेतले,
एकेक अंगठ्याने चाचपलं
(हे सांगताना अण्णा दर वेळी इथे थांबत)
आणि तीन परत केले.
शिकारीला निघालेल्या माणसाला
रिकामं पाठवत नाहीत, म्हणाला.
बंदुकांना हात लावला नाही.
मग सगळे तिथेच बसून जेवले.
लोणच्याची बरणी मागून घेतली.

मामा म्हणत होते, आता मागे फिरा.
अण्णा पुढे गेले.
तिनांतलं एक उडवलं, एक तितर पडलं,
दोन घेऊन घरी आले.

वही मी लिहायची. माझं अक्षर बरं होतं म्हणून.
तारीख, नेली, उडवली, शिल्लक, शेरा.
बागींनी नेली असं लिहिलं असतं
तर कंपूच्या ठाण्यात महिनाभर खेटे,
आणि दारूगोळा कुणाला पुरवता हा प्रश्न,
तोही ओळखीच्या दिवाणजीने, खाली बघत विचारलेला.
अण्णा कंदिलाची वात खालीवर करत राहिले.
खूप वेळाने म्हणाले, 'लिही. उडवली चार.
एक तितर.
तीन, नेम चुकला.'

मी वर पाहिलं.
ते कंदिलाकडे बघत होते.
मी लिहिलं. टाक अडला, म्हणून
'चुकला'तला 'ला' जाड आला आहे.

मामांनी पुण्याच्या वहीत तेच लिहिलं, पंचवीस वेळा.
तिथल्या फौजदाराने त्यांना
दबक्या आवाजात डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला.
मामा ही गोष्ट हसून सांगत.
अण्णा हसत, पण त्यांची वही
दुसऱ्या कुणाला उघडू देत नसत.

ती आता माझ्याकडे आहे.
सव्वीस वर्षांची पानं, आणि शेऱ्याच्या रकान्यात
तितर, तितर, डुक्कर, काही दिसलं नाही,
काही दिसलं नाही, तितर.
चुकल्याची नोंद एकच,
तीही न उडवलेल्या बारांची.

पुढच्या थंडीत पुन्हा सतरंजी अंथरली.
मला वाटलं, आता दहा तरी घेतील,
किंवा तीनच.
त्यांनी सहा उभी केली.

आईने या वेळी विचारलं नाही.
तीस पोळ्या केल्या,
आणि लोणच्याच्या दोन बरण्या.